मार्केस नव्हे, गार्सिया मार्केस: एका आडनावाची भानगड

रातपाळी (सोमवार, पहाटे ५.१०)

आत्ताच शिफ्ट संपली. झोप येत नाहीये, म्हणून धागा काढतेय.

मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांची विम्याची बिलं तपासते. मागच्या आठवड्यात एक क्लेम परत पाठवला. बिलावर पेशंटचं नाव 'होसे लोपेस', विम्याच्या कार्डावर 'होसे गार्सिया'. (नावं बदलली आहेत, पण भानगड हीच.) जन्मतारीख सारखी, पत्ता सारखा. तरी मी 'नाव जुळत नाही' असा शेरा मारून मोकळी झाले. दोन दिवसांनी तो क्लेम बूमरँगसारखा माझ्याच डोक्यावर. माणूस एकच! पूर्ण नाव होसे गार्सिया लोपेस. दवाखान्यातल्या बाईंनी शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असं धरलं आणि गार्सिया गाळून टाकला. आणि मी? पूर्ण नाव समोर आल्यावरही मला वाटलं की गार्सिया हे आपल्यासारखं मधलं, वडिलांचं नाव असणार.

तर तसं नाही. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात. पहिलं वडिलांकडून आलेलं, दुसरं आईकडून. एकच वापरायचं असेल तर पहिलं. म्हणजे आमचा पेशंट श्री. गार्सिया. लोपेस हे त्याच्या आईचं माहेरचं आडनाव. माहेरचं म्हणजे तिचं स्वतःचंच, कारण तिकडे लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही.

मग उत्सुकता चाळवली. स्पेनच्या सांख्यिकी संस्थेच्या वेबसाइटवर कुठलंही आडनाव टाकलं की ते किती जणांचं आहे ते कळतं. गार्सिया टाकलं. पहिलं आडनाव गार्सिया असलेले साडेचौदा लाखांच्या आसपास. दुसरं आडनाव गार्सिया असलेले जवळजवळ तेवढेच. आणि आई-बाप दोघेही गार्सिया, म्हणून 'गार्सिया गार्सिया' असलेले ७५ हजारांच्या वर. स्पेनची लोकसंख्या पावणेपाच-पाच कोटी. म्हणजे शंभरातले तीन गार्सिया. देशात पहिला नंबर.

पण मला गंमत वेगळीच वाटली. एवढं मोठं आडनाव, आणि बोलण्यात नेमकं तेच गळतं. कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांना आपण बिनधास्त 'मार्केस' म्हणतो. स्पॅनिश कवी फेदेरिको गार्सिया लोर्का तर जगभर नुसता 'लोर्का'. दोघांचंही पहिलं आडनाव गार्सिया, आणि दोघांनाही आईच्या आडनावाने ओळखतात. आमच्या दवाखान्यातल्या बाईंनी काही वेगळं केलं नाही म्हणायचं.

जाणकारांना दोन प्रश्न. गार्सिया म्हणजे काय? आणि इतके गार्सिया आले कुठून?

ठोंब्या (सोमवार, ८.०२)

आमच्या फ्लोअरवर चार पाटील आहेत. एक सांगलीचा, एक टकला, एक टेस्टिंगवाली. चौथ्याला नुसतं पाटील म्हणतात, कारण तो मॅनेजर आहे. गार्सियांचंही असंच असणार.

बापू_नाशिककर (सोमवार, ९.४५)

छान विषय. माझ्या अल्प अभ्यासानुसार गार्सिया हे 'गार्गेय' या शब्दाचं रूप आहे. गर्ग ऋषींचे वंशज पश्चिमेकडे गेले, त्यांच्या पुढच्या पिढ्या त्या. उच्चारातलं साम्य पाहावे.

ठोंब्या (सोमवार, ९.५१)

बापू, आणि लोपेस म्हणजे लोपामुद्रेचे का?

स्पॅनिशची_मास्तरीण (सोमवार, १३.३०)

बापू, राग मानू नका, पण गर्ग ऋषींना एवढ्या लांब पाठवायला नको. (ठोंब्या, 'लोपे' हे जुनं पुरुषाचं नाव आहे, ते लॅटिनमधल्या लांडग्याच्या शब्दावरून आलंय असं मानतात. लोपेस म्हणजे लोपेचा मुलगा.)

आधी उच्चार. माद्रिदकडे 'गार्थीया', आपण थ म्हणताना जीभ दाताला लावतो तो थ नव्हे, दातांच्या फटीतून हवा सोडून काढलेला. दक्षिणेत अंदालुसियाच्या बऱ्याच भागात आणि सगळ्या लॅटिन अमेरिकेत 'गार्सीया'. जोर 'सी'वर. स्पॅनिशमध्ये लिहिताना त्या अक्षरावर टिंबाऐवजी तिरकी रेघ असते. अमेरिकेतल्या कागदपत्रांत ती रेघ उडते, आणि तिथले बरेच गार्सिया आता स्वतःही ती देत नाहीत.

आता अर्थ. गार्सिया हे मुळात आडनाव नव्हेच, पुरुषाचं नाव. आपल्याकडे शिवाजी, संताजी तसं. ते स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्क मुलखातून आलं असावं, यावर बहुतेकांचं एकमत आहे. पुढे मात्र भांडण आहे. एक मत असं की ते बास्कमधल्या 'गाझ्ते' म्हणजे तरुण, धाकटा या शब्दावरून आलं. दुसरं मत 'हार्त्स' म्हणजे अस्वल या शब्दाकडे बोट दाखवतं. अस्वल ऐकायला झकास, त्यामुळे इंटरनेटवर तेच जास्त फिरतं. मला स्वतःला 'धाकटा' जास्त पटतं. एका घरात एकाच नावाचे बाप-लेक असले की धाकटा म्हणून वेगळी ओळख लागतेच. आपल्याकडे नाही का, बाळासाहेब सत्तरीला आले तरी बाळासाहेबच.

बास्क भाषेचं वैशिष्ट्य असं की तिचं आजूबाजूच्या कुठल्याच भाषेशी नातं नाही. फ्रेंच, स्पॅनिश, मराठी, फारसी या सगळ्या लांबच्या चुलत बहिणी निघतात. बास्क मात्र त्या कुटुंबातलीच नाही. त्यामुळे बापू, संस्कृतशी नातं जोडायला स्पेनमधला दुसरा कुठलाही शब्द घेतला असता तरी बरं होतं. नेमका हाच घेतलात.

बापू_नाशिककर (सोमवार, १४.१०)

मत मागे घेतो. ज्ञानात भर पडली. धन्यवाद ताई.

इतिहासाचा_किडा (सोमवार, २१.२०)

मास्तरीणबाईंनी पाया घातलाच आहे, त्यावर एक मजला चढवतो.

स्पॅनिश आडनावांच्या शेवटी ऐकू येणारा 'एस' (हा उच्चार, लिहिताना शेवटी 'झेड' असतो) म्हणजे 'चा मुलगा'. रोद्रिगोचा रोद्रिगेस, फेर्नान्दोचा फेर्नान्देस, मार्तीनचा मार्तीनेस, सांचोचा सांचेस. हे एके काळी दर पिढीला बदलायचं. ते कसं चालायचं ते पाहायचं तर पांप्लोना, म्हणजे पुढच्या नावार्रा, राज्याचे राजे घ्या. गार्सियाचा मुलगा सांचो, म्हणून सांचो गार्सेस (राज्य ९०५ ते ९२५). त्याचा मुलगा गार्सिया, म्हणून गार्सिया सांचेस. त्याचा मुलगा पुन्हा सांचो गार्सेस. त्याचा मुलगा गार्सिया सांचेस. त्याचा मुलगा सांचो गार्सेस तिसरा, ज्याला इतिहास 'थोरला सांचो' म्हणतो, मृत्यू १०३५. आणि त्याचा मुलगा? बरोब्बर, गार्सिया सांचेस. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत आपल्यालाही माहीत आहे, पण यांनी नुसता झोका बांधला होता.

आता बारकाईने बघा. गार्सियाचा मुलगा 'गार्सिया' नाही, 'गार्सेस'. नियमाने गेलं तर आज स्पेनमध्ये लाखो गार्सेस असायला हवे होते. गार्सेस आडनाव आहे, पण गार्सियाच्या मानाने अगदीच किरकोळ. कारण मध्ययुगात दुसरीही रीत होती. शेपूट न लावता बापाचं नाव तसंच मागे जोडायचं, आपण मधलं नाव लावतो तसं. पुढे कधीतरी ही नावं गोठली. मुलाने बापाचं नाव लावायचं सोडून बापाचं आडनाव लावायला सुरुवात केली, आणि जो त्या वेळी ज्या नावावर उभा होता तिथेच थिजला. स्पेनमधली सर्वांत जास्त आढळणारी दहा आडनावं घेतली तर आठ 'एस'वाली आहेत. बिनशेपटीची दोनच, गार्सिया आणि मार्तीन. त्यातलं एक सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसलंय.

त्यामुळे 'सगळे गार्सिया एका घराण्याचे का' याचं उत्तर ठामपणे 'नाही' असं आहे. गावोगावच्या वेगवेगळ्या गार्सियांची ती पोरं. अवांतर: स्पेनमध्ये पर्यटकांच्या दुकानांत आडनावाचं राजचिन्ह छापलेल्या वस्तू मिळतात. गार्सियाच्या चिन्हात पुष्कळदा बगळा असतो, कारण स्पॅनिशमध्ये बगळ्याला 'गार्सा' म्हणतात. निव्वळ शब्दाची कोटी. चिन्ह मिळायचं ते एखाद्या घराण्याला, आडनावाला नाही. बगळा घरी नेणाऱ्या बहुतेकांचा त्या घराण्याशी काडीचा संबंध नसतो.

पेडणेंकार (मंगळवार, ०.१५)

गोंयकाराने यात तोंड घातल्याशिवाय धागा पुरा व्हायचा नाही.

आमच्याकडचे फर्नांडिस, रॉड्रिग्ज, गोम्स, लोपिस हे त्याच कुळीतले, फक्त पोर्तुगीज फाट्याचे. रोमन लिपीत स्पॅनिश लोक शेवटी 'झेड' हे अक्षर लावतात, पोर्तुगीज 'एस' हे अक्षर. पासपोर्टावर फर्नांडिसचं शेवटचं अक्षर चुकून 'झेड' छापलं तर काय होतं ते आमच्या शेजाऱ्यांना विचारा. सहा महिने खेटे घालत होते. आणि आमच्या फर्नांडिसांचा पूर्वज कोणी फेर्नान्दो नव्हता, हेही सांगायला हवं. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरूचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळालं, इतकंच.

पण मी आलो ते वेगळ्या गार्सियासाठी. पणजीला चर्चच्या पायऱ्यांसमोरची बाग सगळ्यांनी पाहिली असेल. तिचं नाव गार्सिया द ओर्ता बाग. लहानपणी तिथे भेळ खाताना मला वाटायचं, हा कोणीतरी पोर्तुगीज गव्हर्नर असणार. तो निघाला वैद्य. आई-वडील स्पेनमधले ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं तेव्हा सीमा ओलांडून पोर्तुगालात आले, तिथे त्यांना ख्रिस्ती व्हावं लागलं. हा सालामांका आणि आल्काला इथे शिकला, १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याचं जाणं-येणं होतं, शहाला औषधं द्यायचा. १५६३ मध्ये गोव्यात त्याचा भारतीय औषधी वनस्पतींवरचा संवादरूपी ग्रंथ छापला गेला. मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होतं, आणि तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ धरतं असं त्याने लिहून ठेवलंय.

तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. गुन्हा एकच, लपून ज्यू धर्म पाळला.

धाग्याशी संबंध असा की याचं आडनाव 'द ओर्ता', गार्सिया हे पाळण्यातलं नाव. सोळाव्या शतकापर्यंत लोक मुलाचं नाव गार्सिया ठेवत होते, याचा पुरावा पणजीत बाकड्यांसकट उभा आहे.

रातपाळी (मंगळवार, ५.२५)

पेडणेंकार, त्या बागेत मीही बसलेय हो! पाटी वाचली होती, पण डोक्यात काहीच पेटलं नव्हतं.

कुतूहल (मंगळवार, १०.४०)

म्हणजे गार्सिया हे ज्यूंचं आडनाव आहे का? मध्यंतरी एक यादी फिरत होती. त्यात तुमचं आडनाव असेल तर स्पेनचं नागरिकत्व मिळतं म्हणे.

इतिहासाचा_किडा (मंगळवार, ११.३०)

ती यादी खोटी होती. २०१५ चा कायदा खरा. हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देण्यासाठी तो केला, अर्जांची मुदत १ ऑक्टोबर २०१९ ला संपली. पण सरकारने आडनावांची कुठलीही यादी काढली नव्हती. नुसतं आडनाव दाखवून काम होत नव्हतं, इतर पुरावे लागत. ज्यूंपैकी काहींनी धर्मांतरानंतर गार्सिया लावलं असेल, नक्कीच असेल. लपायचं तर गर्दीत लपतात. पण म्हणून गर्दीतला प्रत्येक जण लपलेला ठरत नाही.

मनिला_ते_मिरज (मंगळवार, १६.०५)

पाच वर्षं मनिलात नोकरी केली. तिथे गार्सिया ढिगाने. एक राष्ट्राध्यक्षही होऊन गेले, कार्लोस गार्सिया, १९५७ ते १९६१. चेहरेपट्टी आग्नेय आशियाची आणि आडनावं स्पॅनिश, हे पहिल्यांदा बघताना गंमत वाटते.

त्यामागे एक सरकारी फतवा आहे. स्पॅनिश अमलात लोकांनी बाप्तिस्म्यानंतर 'दे ला क्रूस' (क्रुसाचा), 'दे लोस सांतोस' (संतांचा) अशी धार्मिक आडनावं इतकी उचलली, शिवाय एकाच घरात भावाभावांची आडनावं वेगळी, की करवसुली करणाऱ्यांची दमछाक व्हायला लागली. गव्हर्नर क्लावेरिया याने १८४९ मध्ये आडनावांचा अकारविल्हे कॅटलॉगच काढला. पानं प्रांतोप्रांती पाठवली, तिथून गावोगावी, आणि त्यातून घरोघरी आडनाव द्यायचं. आधीपासून वंशपरंपरेने चालत आलेलं आडनाव असेल तर ठेवायची मुभा. काही ठिकाणी गावाला एकाच अक्षराची पानं मिळाली. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात अजूनही 'र' वाल्यांचा बुजबुजाट आहे. कल्पना करा, तलाठी रजिस्टर घेऊन दारात उभा आणि म्हणतोय, उद्यापासून तुम्ही रेमुळकर.

आणि तिथे क्रम उलटा बरं का. आईचं आडनाव मधे, वडिलांचं शेवटी. रातपाळीताई, फिलिपिनो पेशंट आला तर पुन्हा गोंधळू नका. तिथे शेवटचंच खरं.

रातपाळी (मंगळवार, १६.२०)

देवा. हे कोणीतरी ट्रेनिंगमध्ये सांगायला नको का?

आकडेमोड (मंगळवार, १९.५५)

अमेरिकेच्या जनगणनेत २००० साली गार्सिया आठव्या क्रमांकावर होतं, ८ लाख ५८ हजार. २०१० मध्ये ११ लाख ६६ हजार, सहावा क्रमांक. वर फक्त स्मिथ, जॉन्सन, विल्यम्स, ब्राउन, जोन्स. मिलर आणि डेव्हिस यांना मागे टाकून गार्सिया पुढे गेलं.

मात्र स्पॅनिश बोलणाऱ्या सगळ्या देशांत गार्सिया पहिलं नाही. मेक्सिकोत एर्नान्देस पहिलं, कोलंबियात रोद्रिगेस, चिलीत गोन्सालेस.

कोकणकन्या (बुधवार, ९.१०)

वाचतेय. मला त्या आईच्या आडनावाचं सांगा कोणीतरी. आई दुसरी का? आणि पुढच्या पिढीत तिचं आडनाव गळतंच ना?

स्पॅनिशची_मास्तरीण (बुधवार, १३.१५)

गळतं. मुलगा वडिलांचं पहिलं आणि आईचं पहिलं घेतो. म्हणजे दोन्हीकडून येतं ते आजोबांचंच. आजीचं आडनाव नातवंडांच्या रांगेतून बाहेर. त्यामुळे 'स्पेनमध्ये आईच्या नावाला केवढा मान' असं जे कौतुक होतं ते मी अर्धंच घेते.

१९९९ पासून आई-वडिलांनी मिळून ठरवलं तर आईचं आडनाव आधी लावता येतं. आणि ३० जून २०१७ पासून वडिलांचं आपोआप पहिलं येणं बंद झालं. दोघांनी क्रम सांगायचा, एकमत नसेल तर नोंदणी अधिकारी ठरवणार. या कायद्याच्या मसुद्यात २०१० मध्ये आणखी मजेशीर कलम होतं. भांडण झालं तर वर्णानुक्रमाने जे आधी ते पहिलं. त्यावर गदारोळ झाला, की असं केलं तर काही पिढ्यांत शेवटच्या अक्षरांची आडनावं संपून जातील. कलम काढून टाकलं. ज्यांच्या सरकारने ते आणलं होतं ते पंतप्रधान होते होसे लुईस रोद्रिगेस सापातेरो. सापातेरो रोमन लिपीत लिहितात 'झेड'ने, म्हणजे स्पॅनिश वर्णमालेतलं सर्वांत शेवटचं अक्षर!

आणि हेही रातपाळीच्या मुद्द्याचंच उदाहरण. त्यांचं पहिलं आडनाव रोद्रिगेस, पण स्पेनमध्ये त्यांना सगळे सापातेरो म्हणतात. सापातेरो म्हणजे मोची. पिकासो बघा, पाब्लो रुईस पिकासो. रुईस वडिलांचं, पिकासो आईचं. चित्रकार वेलास्केस, तेही आईचं. नियम कागदावर एक आहे, पण तोंडी व्यवहारात लोक दोनपैकी जे कमी ऐकू येतं ते उचलतात. ठोंब्याने पहिल्याच प्रतिसादात सांगितलं ते बरोबर होतं. सांगलीचा पाटील म्हणजे शेवटी नुसता 'सांगली'च उरतो.

पण मार्केस मात्र सापातेरोंच्या पंगतीत बसत नाहीत. लोर्काला स्पेनमध्येही लोर्काच म्हणतात. गाबोंना (हे मार्केस यांचं लाडाचं नाव) स्पॅनिश माणूस नुसतं मार्केस म्हणत नाही. 'गार्सिया मार्केस' असं जोडूनच म्हणतो, आणि पुस्तकांच्या दुकानात 'ग'मध्ये ठेवतो. नुसतं मार्केस ही आपल्यासारख्या बाहेरच्यांची करामत.

ठोंब्या (बुधवार, १३.२२)

स्क्रीनशॉट काढून मॅनेजर पाटलांना पाठवला आहे.

वाचनवेडा (बुधवार, २३.४०)

उशिरा आलो, पण गाबोंच्या गार्सियाची एक गोष्ट राहिली आहे.

त्यांचे वडील गाब्रिएल एलिहिओ. ते लग्नाशिवाय जन्मलेले. त्यांच्या जन्मदात्याचं आडनाव मार्तीनेस, पण त्यांना लागलं ते आईचं, आर्खेमिरा गार्सियाचं. म्हणजे १९२७ मध्ये आराकाताकात जन्मलेल्या पोराला 'वडिलांकडून' मिळालेलं गार्सिया हे मुळात आजीचं. पुढे त्याच तारयंत्रवाल्या बापाने कर्नल मार्केस यांच्या मुलीशी लग्न करायचं म्हटल्यावर कर्नलसाहेबांनी आकाशपाताळ एक केलं. जावयाच्या जन्माची ही कहाणी त्यांच्या आक्षेपांपैकी एक होती. सरळ रीतीने चाललं असतं तर १९८२ चं नोबेल गाब्रिएल मार्तीनेस मार्केस यांना मिळालं असतं.

मास्तरीणबाई, आजीचं आडनाव रांगेतून बाहेर पडतं म्हणालात ना, हे एक टिकलं बघा.

कोकणकन्या (गुरुवार, ७.५०)

वाचनवेडा, काय सांगितलंत हो. आर्खेमिरा आजी, नमस्कार.

रातपाळी (शनिवार, ११.३०)

सगळ्यांचे आभार. त्या क्लेमचे पैसे मिळाले. नोंद दुरुस्त करताना मी दोन आडनावांच्या मधे आडवी रेघ टाकली. अमेरिकेतले बरेच गार्सिया स्वतःच असं करतात म्हणे, म्हणजे शेपूट तुटत नाही. आमच्या सॉफ्टवेअरला ती रेघ मान्य नाही, लाल चौकट येते. आयटीकडे तक्रारीचं तिकीट टाकलंय.

आज सकाळी पुस्तक बदलायला आमच्या जवळच्या लायब्ररीत गेले होते. मार्केस अर्थातच 'म'च्या खणात, मर्ढेकरांच्या शेजारी. काउंटरवरच्या काकूंना म्हटलं, "काकू, हे खरं तर 'ग'मध्ये पाहिजे, यांचं आडनाव गार्सिया." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाल्या, "मागे एक मुलगा पण हेच सांगून गेला. ठेवलं होतं मी महिनाभर 'ग'मध्ये. कोणाला सापडेना, रोज येऊन मलाच विचारायचे." आणि पुस्तक घेऊन पुन्हा मर्ढेकरांशेजारी खोचलं.